चासी नंबरवरची विभूती

मोटार कंपन्यांवर सरकारने कडक नजर ठेवावी की ठेवू नये, या प्रश्नावर उज्वलाचं मत ठाम होतं, आणि ते तिने वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवलंही होतं. पुढचं सगळं रामायण घडलं ते एवढ्याचमुळे, की आयुष्यात पहिल्यांदा सरकार तिच्या मनासारखं वागलं.

पत्र चांगलं होतं. नांदेडच्या एका कॉलेजात एकवीस वर्षं ग्रंथपाल असलेल्या बाईने लिहिलेलं पत्र वाईट असून चालतच नाही. त्यात 'उत्तरदायित्व' हा शब्द दोनदा आणि 'धादांत' एकदा आला होता. विषय सुरथ मोटर्सचा होता. या कंपनीच्या 'सारंग' नावाच्या गाडीत ब्रेकची एक नळी एका कडेला घासते आणि कधीतरी फुटू शकते, असं निघालं. कंपनीने गाड्या परत बोलावल्या, नळ्या फुकट बदलून देतो म्हणाली आणि थोड्याच दिवसांत हजारो गाड्या दुरुस्त झाल्याचा आकडा सरकारला देऊन मोकळी झाली. मग कळलं, की त्यातल्या बऱ्याच गाड्या कॉम्प्युटरवरच दुरुस्त झाल्या होत्या. प्रत्यक्षात त्या मालकांच्या दारात जुन्याच नळ्या घेऊन उभ्या होत्या. सरकारने चौकशी लावली. टीव्हीवर रोज संध्याकाळी सहा माणसं एकाच वेळी ओरडू लागली. तिघं म्हणत, चौकशी हवीच. तिघं म्हणत, असा जाच केला तर कारखाने बंद पडतील.

उज्वलाने लिहिलं: "कंपनीच्या शब्दावर वा कागदावर विश्वास ठेवू नये. प्रत्येक गाडीवर कोरलेल्या चासी नंबरचे छायाचित्र घेतल्याशिवाय ती गाडी दुरुस्त झाली असे मानू नये."

बाराव्या दिवशी सरकारचा नेमका तसाच आदेश निघाला. सरकारने आपलं पत्र वाचलेलं नाही, हे समजण्याइतकी उज्वला शहाणी होती. तरी तिने पत्राचं आणि आदेशाच्या बातमीचं, अशी दोन्ही कात्रणं एकाच फायलीत शेजारी-शेजारी लावली.

त्यानंतर आठवड्याने लातूरच्या घरी कंपनीचं पत्र आलं. वर नाव होतं, श्री. मल्लिनाथ शंकरप्पा उळागड्डे. हे उज्वलाचे वडील, अप्पा. त्यांना जाऊन सात महिने झाले होते. त्यांची पांढरी सारंग आता उज्वला चालवायची. शनिवारी नांदेडहून लातूरला आईकडे, अव्वाकडे यायचं, सोमवारी पहाटे परत जायचं.

पत्र उज्वलाच्या हाती पडायच्या आत कॉलनीत सगळ्यांचं वाचून झालं होतं. कारण अव्वाने, म्हणजे लक्ष्मम्मांनी, ते शेजारच्या श्रीमंतरावांकडे वाचायला नेलं होतं. श्रीमंतराव तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. सरकारी दिसणारा कुठलाही कागद उभं राहून वाचायचा, अशी त्यांची रीत होती. पलीकडच्या गल्लीत चंद्रप्पा राहायचे. त्यांनी चाळीस वर्षं ट्रकच्या गॅरेजात मिस्त्रीकाम केलेलं. अप्पांचे ते रोजचे दोस्त. शनिवारी उज्वला पोचली तेव्हा घरासमोरच्या कट्ट्यावर टीव्हीसारखीच चर्चा चालू होती. फरक एवढाच, की इथे माणसं दोन होती आणि आवाज सहांचा होता.

"चौकशी झालीच पाहिजे," श्रीमंतराव म्हणत होते. "अर्ज तीन प्रतीत. एक प्रत कंपनीला, एक सरकारला, एक आपल्याला पोच म्हणून."

"कशाची चौकशी न् कशाचं काय!" चंद्रप्पा म्हणाले. "ब्रेक न्हाई लागला तर दुसऱ्या गियरात टाकायची. आमच्या टायमाला आमी काय ट्रक परत बोलावत होतो का?"

"तुमच्या टायमाला गेलेला ट्रक परत येतच नव्हता."

"वैनी, सांगा यांना," चंद्रप्पा अव्वाकडे वळले.

अव्वाचा प्रश्न सरळ होता. "जुनी परत घेतल्यावर नवी देतेत का, भावजी?"

उज्वलाने तिघांनाही परत बोलावण्याची संकल्पना समजावून सांगितली. तिला समजावून सांगायला आवडायचं. तिघांनी शांतपणे ऐकलं. मग अव्वा म्हणाली, "म्हंजे नवी न्हाई देत," आणि भाजी निवडायला आत गेली.

सर्व्हिस सेंटर लातुरातच होतं. तिथे भागवत नावाचा तरतरीत माणूस हातात टॅब घेऊन फिरत होता. अव्वाने वारस म्हणून घरीच सही करून दिलेला कागद त्याने घेतला, आणि म्हणाला, "ताई, दोन मिनिटाचं काम हाय. चासी नंबरचा फोटो काढतो. मग वीस मिनिटात नळी बदलून देतो. चहा घ्या तवर." त्याने बॉनेट उघडलं, आत वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"ताई, नंबर कुठंय?"

दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात. हार घालतात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. पण मल्लिनाथअप्पांनी आयुष्यभर हार्डवेअरचं दुकान चालवलेलं. कुठला स्क्रू कुठे बसतो याबद्दल त्यांची स्वतःची मतं होती. ते म्हणायचे, "बॉनेट ही गाडीची पाठ झाली. पाठीला कुणी टिळा लावतं का? कपाळाला लावतेत. अन् जिथं नाव कोरलंय ते गाडीचं कपाळ." गाडीचं नाव म्हणजे इंजिनमागच्या पत्र्यावर कोरलेला चासी नंबर. पहिल्या दसऱ्याला त्यांनी तो शोधून काढला, त्यावर हळद लावली, कुंकू लावलं आणि वर ओल्या विभूतीची तीन बोटं ओढली, स्वतःच्या कपाळावर ओढायचे तशीच. असे नऊ दसरे झाले. जुनं पुसून नवं लावायची पद्धत त्यांच्यात नव्हती. शिवाय शेजारी इंजिन. त्याच्या धगीने सगळं भाजून निघालं होतं. चासी नंबराच्या जागी आता एक पिवळी-तांबडी-राखी वीट होती आणि तिच्यावर मागच्या दसऱ्याच्या तीन स्वच्छ रेघा.

"चांगलंच बसलंय की," भागवत म्हणाला. त्याने एक फडकं डिझेलमध्ये बुचकळलं.

"हात लावू नका," उज्वला म्हणाली.

हा तिचा वाचनालयातला आवाज होता. त्याने आजवर अनेक विद्यार्थी जागच्या जागी बसले होते. भागवतही फडकं घेऊन थांबला. आता पुढे काहीतरी कारण सांगणं भाग होतं. खरं कारण त्या तीन रेघांत होतं. रुंद, ठळक, जरा उजवीकडे झुकलेल्या. आपली बोटं न टेकवता तिने वरून धरून पाहिली होती. अप्पांची बोटं आपल्या दीडपट होती, हे तिला या वयापर्यंत ठाऊक नव्हतं. पण असलं काही परक्या माणसाला, त्यातून हातात टॅब असलेल्याला, सांगायची तिची पद्धत नव्हती.

"मला आदेशाचा मूळ मसुदा पाहावा लागेल," ती म्हणाली.

"आदेश लई कडक हाय, ताई. कागद चालंना, आरसी बुक चालंना. आधी असं नव्हतं. कुण्या शहाण्यानं ही फोटोची आयडिया काढली न् आमचा जीव चाललाय."

"कोणी काढली?"

"काय म्हाईत. घरी काम नसलेलं माणूस असंल."

उज्वलाने बॉनेट स्वतः बंद केलं. हळूच.

कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं, की नळी बदलेपर्यंत गाडी सावकाश चालवावी आणि जोराने ब्रेक दाबणं टाळावं. उज्वला लिहिलेलं पाळणारी बाई. तिने चाळीसचा वेग ठरवला. त्या सोमवारी अव्वाही डोळे दाखवायला नांदेडला निघाली होती. लातूर ते नांदेड एरवी तीन तासांत होतं. चाळीसने गेलं, की वाटेतलं एकेक गाव मुक्कामाला आल्यासारखं भेटतं. अहमदपूरपर्यंत दोन ट्रॅक्टर पुढे गेले. लोह्याच्या अलीकडे मागे वाहनांची एवढी रांग लागली, की रस्त्याकडेची दोन माणसं कोणाची मिरवणूक आहे ते बघायला उभी राहिली. एक जीपवाला शेजारून जाताना स्टिअरिंग सोडून हात जोडून गेला. मग एक मोटरसायकलवाला आला. त्याच्या मागे वैरणीचा भारा आणि भाऱ्यावर बांधलेली शेळी.

"ताई, पंक्चर हाय का? ढकलू का?"

"नाही. ही सुरक्षित गती आहे."

तो बिचारा मान डोलावून पुढे गेला. शेळी मात्र बराच वेळ मागे वळून उज्वलाकडे बघत राहिली.

"उज्जू," अव्वा म्हणाली, "दुरुस्त करून का न्हाई आणलीस गं?"

"प्रक्रिया चालू आहे, अव्वा."

हे वाक्य एकवीस वर्षं निरनिराळ्या कार्यालयांनी उज्वलाला ऐकवलं होतं. आज ते स्वतः म्हणून बघितलं. तोंडात बरं बसलं.

यानंतर प्रक्रिया खरोखरच चालू झाली. नंबरवरची पूजा पुसायची नाही, एवढंच उज्वलाने कट्ट्यावर सांगितलं, कारण सांगितलं नाही. तिथून दोन प्रस्ताव आले. चंद्रप्पांकडे आकडे ठोकायचे पंच होते. शेजारच्या रिकाम्या पत्र्यावर तोच नंबर नव्याने ठोकून देतो, कुणाला कळायचं न्हाई, असं ते म्हणाले. त्यावर आत जावं लागतं, असं श्रीमंतरावांनी सांगितलं. श्रीमंतरावांचा सल्ला कायदेशीर होता. परिवहन कार्यालयातून 'हाच नंबर याच गाडीचा' असा दाखला आणावा, तोही गोल शिक्क्याचा. उज्वलाने एक दिवसाची रजा काढली.

तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी सगळे कागद नीट पाहिले.

"कागदावर नंबर आहे, मॅडम. मान्य. पण कागदावर विश्वास ठेवायचा नाही, असाच आदेश आहे. गाडी दाखवा, गाडीवरचा नंबर दाखवा, लगेच देतो."

"गाडीवरचा नंबर दिसत नाही, म्हणूनच दाखला हवाय."

"दिसत नाही म्हणजे पुसला गेलाय?"

"नाही. पुसलेला नाही, हीच अडचण आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. असला खुलासा त्यांना नोकरीत प्रथमच मिळत होता. "पण नियम चांगला आहे हो," ते समजुतीने म्हणाले. "मध्ये पेपरात कुणी बाईंनी फार मुद्देसूद लिहिलं होतं. लोक नळी न बदलता बदलली म्हणतात. तुमच्यासारख्या शिकलेल्या लोकांनी तरी साथ द्यायला पाहिजे."

भागवतने केलेला अपमान तिने सहन केला होता. ही स्तुती मात्र दोन दिवस उतरली नाही.

अशात लातूरच्या एका ग्राहक मंडळाने जाहीर चर्चा ठेवली. 'वाहन कंपन्यांची सरकारी तपासणी : गरज की जाच?' 'गरज' या बाजूने पत्रलेखिका उज्वला उळागड्डे. 'जाच' या बाजूने सर्व्हिस सेंटरचे मालक राजशेखर. नकार द्यावा, हे उज्वलाला समजत होतं. पण निमंत्रणात 'व्यासंगी' असं लिहिलं होतं.

मंगल कार्यालयाचा हॉल निम्मा भरला होता. पहिल्या रांगेत अव्वा आणि श्रीमंतराव. चंद्रप्पा मागे भिंतीला टेकून उभे, खुर्ची असताना. उज्वला चांगली बोलली. आपल्याच गाडीची नळी बदललेली नसताना माणूस नळ्यांबद्दल इतकं पोटतिडकीने बोलू शकतो, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. पुरावा द्यायला कचरणाऱ्याच्या मनात खोट असते, असंही ती म्हणून गेली. टाळ्या पडल्या.

मग राजशेखर उठले. माणूस मऊ बोलणारा होता.

"ताईंचं सगळं मान्य. पण आमची तकलीफ ऐका. लातूरमध्ये आमच्याकडे तीनशे बारा सारंग. तीनशे अकरा झाल्या. एकच राहिली. त्या घरचे लोक नंबरचा फोटोच काढू देत नाहीत. रोज वरून फोन येतो, शंभर टक्के का नाही? आता यात खोट कुणाच्या मनात? कंपनीच्या, की त्या माणसाच्या?"

"नाव सांगा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"नाव घेणं बरं नाही," राजशेखर म्हणाले. ते खरोखर सज्जन होते. पण बाजूला लॅपटॉपवर बसलेल्या भागवतने तेवढ्यात यादी उघडली होती, आणि ती मागच्या पडद्यावर, हातभर उंचीच्या अक्षरांत, आली होती.

सभा वाचत होती. ज्यांना लांबचं दिसत नव्हतं त्यांची गैरसोय होऊ नये, म्हणून श्रीमंतराव उभे राहिले आणि मोठ्याने वाचते झाले. "मल्लिनाथ शंकरप्पा उळागड्डे." मग सभेकडे वळून, पूर्ण माहिती द्यावी म्हणून, "म्हणजे आपल्या उज्वलाताईंचे वडील. मयत."

माईक अजून उज्वलाच्याच हातात होता. टिपणांचे चार कागद समोर होते. त्यांत उत्तरदायित्व होतं, सात मुद्दे होते, परदेशातलं एक उदाहरण होतं. याचं उत्तर मात्र नव्हतं.

"तिथे अप्पांची बोटं आहेत," ती म्हणाली.

राजशेखर बसायला खुर्ची मागे आहे की नाही ते न बघता बसले. सुदैवाने होती.

"नंबरवर विभूती आहे. मागच्या दसऱ्याची. तीन बोटं." एवढं बोलून तिने टिपणांचे कागद उलटे ठेवले.

अव्वाने पदर तोंडाला लावला. पहिल्या रांगेतल्या दोघी-तिघींनीही लावला. विरोधी बाजूसुद्धा नमतं घेईल असा तो क्षण होता, आणि तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला.

"पोरी," चंद्रप्पा म्हणाले, "ते बोटं माझे हायेत."

सगळा हॉल मागे वळला. चंद्रप्पा भिंतीपासून सुटून उभे होते. हात पाठीमागे लपवलेले.

"मागल्या दसऱ्याला मल्लिनाथचा हात थरथरत होता. वाटी दोनदा सांडली. मला म्हणला, चंद्रप्पा, तू लाव, न् उज्जूला सांगू नको, उगं डाक्टरकडं घेऊन जाईल. मी लावली. आता तू इतके दिवस..." त्यांनी हात पुढे आणला. चाळीस वर्षं गॅरेजात पाने-पकडी फिरवलेली, दीडपट रुंद बोटं. "मला काय म्हाईत तू त्याच्यासाठी अडून बसलीस? आधी बोलायचं न्हाई का? खामखा त्या शेळीच्या मागं गेलीस."

शेळीची गोष्ट अव्वाने कॉलनीत सांगितली होती तर.

थरथरीचं उज्वलाला ठाऊक नव्हतं. त्या दसऱ्याला ती दुपारी पोचली होती. पूजा झालेली होती, अप्पा खुर्चीत बसून पेपर वाचत होते. पेपर टेबलावर पसरून. हातात धरून नाही. तेव्हा ते नुसतं दिसलं होतं.

हे सगळं मनात येत असतानाच दुसरीही गोष्ट मनात आली. अनेक आठवडे, एक रजा, एक शासकीय कार्यालय आणि चाळीसचा वेग एवढं खर्चून आपण पलीकडच्या गल्लीत धडधाकट राहणाऱ्या चंद्रप्पांच्या बोटांची राखण करत होतो. तिला आधी हसू आलं, की दुसरं काही, ते तिलाच नीट कळलं नाही. पण माईक चालू होता आणि त्यातून बाहेर पडलं ते हसू होतं. मग हॉल हसला. चंद्रप्पाही हसले. अध्यक्षांनी चर्चा अनिर्णित ठेवून चहा जाहीर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा, उज्वला आणि चंद्रप्पा सर्व्हिस सेंटरवर गेले. भागवतने फडकं पुढे केलं. उज्वलाने डिझेल नको म्हणून सांगितलं. कोमट पाणी मागवलं आणि स्वतः पुसू लागली. चंद्रप्पांची तीन बोटं पहिल्याच हाताला गेली. खाली कुंकू लागलं, मग हळद, मग पुन्हा राखी थर, पुन्हा कुंकू. कुठला थर कुठल्या वर्षाचा, आणि हात कधीपासून थरथरायला लागला, ते काही त्यातून कळत नव्हतं. पाणी आधी राखी, मग तांबडं, मग पिवळं होऊन फरशीवर ओघळलं. चार वेळा फडकं पिळल्यावर पहिला आकडा दिसला.

भागवतने फोटो काढला. वीस मिनिटांत नळी बदलली. निघालेली जुनी नळी त्याने ट्रेमध्ये आणून दाखवली. एका बाजूने ती इतकी घासली होती, की आतली जाळी दिसत होती.

चंद्रप्पांनी ती बोटांत धरून फिरवून पाहिली. "हे दुसऱ्या गियरनं भागलं नसतं," ते म्हणाले. सरकारी तपासणीच्या बाजूने त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं आणि शेवटचं वाक्य.

अव्वाने पिशवीतून विभूतीची डबी काढली आणि उज्वलापुढे धरली. "लाव."

उज्वलाने तळहातावर विभूती घेतली, दोन थेंब पाण्यात कालवली आणि गाडीच्या कपाळावर तीन बोटं ओढली. तिच्या बोटांच्या रेघा अरुंद आल्या. पण नंबर झाकायला तेवढ्या पुरल्या.

"ओ ताई!" भागवत टॅब घेऊन धावत आला. "हे काय करून राहिल्या? फोटो दोन लागतेत! नळी बदलायच्या आधीचा एक न् बदलल्यावरचा एक. नंतरचा राहिलाय अजून!"

उज्वला हात तसाच वर धरून उभी राहिली. ओली विभूती मनगटाकडे ओघळत होती. पुन्हा पुसायचं तिच्याने होईना, आणि नाही म्हणायलाही आता तोंड नव्हतं.

अव्वा पुढे झाली. पदराचं टोक घेऊन तिने एका हातात तिन्ही रेघा पुसून टाकल्या, ओट्यावरचं सांडलेलं दूध पुसावं तशा.

"काढा फोटो," ती भागवतला म्हणाली. त्याने काढला. मग तिने डबी पुन्हा उज्वलापुढे धरली.

"आता लाव परत. अन् जरा पातळ लाव गं. सरकारचा काय भरवसा, परत बोलावलं तर पुसायला सोपं जाईल."